खंडेनवमीचं ताट

धाकटा भाऊ दत्ता जेवायला येणार हे कळल्यापासून चंद्रकांतांनी त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. गाडी मात्र सकाळपासून दोनदा पुसून झाली होती.

"अहो, रंग जाईल," वसुमती स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

"जायचा नाही. चांगला बसलाय."

रंग चांगला बसला होता हे तिलाही ठाऊक होतं. तो मारताना धूळ चिकटू नये म्हणून शेडच्या चारी बाजूंना तिच्याच जुन्या साड्या ओल्या करून टांगल्या होत्या, आणि त्यातली एक तर काही इतकी जुनी नव्हती. सीटांची कव्हरं तिनंच शिवली होती. रेक्झिन चिकपेटेच्या बाजारातून आणलेलं, आणि ते शिवताना तिच्या यंत्राच्या इतक्या सुया मोडल्या की शेवटी चंद्रकांतांनीच चामडं शिवायची जाड सुई आणून दिली होती. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, वाचनालयात जाऊन बसतात. तिच्या नवऱ्यानं एक मेलेली गाडी उकरून काढली आणि तिच्या अंगात जीव घालत बसला.

गाडी होती प्लिमथ बॅराकुडा. आठ सिलिंडरची, दोनच दारांची, मागची काच उतरत जाऊन थेट डिकीला टेकलेली. धरणाच्या कामावर आलेला एक अमेरिकन इंजिनियर परत जाताना विकून गेला आणि दोघा भावांनी मिळून ती घेतली. स्टिअरिंग डावीकडे. बॅराकुडा हा एक मासा असतो असं दत्तानं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "मग सरळ सुरमई म्हणा की!" रंगही तसाच होता, निळसर राखाडी. मालवणच्या बाईला बंगळुरात राहून मासळीची जी आठवण यायची, ती तिनं अशी गाडीच्या नावात भागवून घेतली.

इंदिरानगरच्या त्या रस्त्यावर आज सगळीकडेच धुणंपुसणं चालू होतं. कोपऱ्यावरच्या रिक्षांना केळीचे खुंट बांधले होते, समोरच्या गौडांचा कोहळा फोडून झाला होता आणि रस्त्यावर त्याचा लाल केलेला गर पसरला होता. इथल्या लोकांची आयुधपूजा म्हणजे यांची खंडेनवमी. फरक एवढाच की गौडा पूजा करून चाकाखाली लिंबू चिरडत गाडी घेऊन फिरायला जात, आणि या घरातलं एकही चाक दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलत नसे.

ती चंद्रकांतांची शिस्त. ते विमानांच्या कारखान्यात इंजिनांच्या विभागात होते. तिथं आयुधपूजेला चाचणीची इंजिनं जुनं तेल काढून, धुऊन, पुसून पूजेला ठेवत आणि दसऱ्याला ताजं तेल घालून सुरू करत. त्यांनी ती पद्धत घरी आणली ती कायमची. प्रत्येक गाडीच्या खालचा नट काढायचा, तेल वाहून जाऊ द्यायचं, नट घासून लख्ख करायचा आणि तो देवासमोरच्या ताटात पान्ह्यांशेजारी ठेवायचा. एकदा हळदकुंकू लागलं की उत्तरपूजेपर्यंत त्याला हात नाही. नवमीला या घरात कुणी आजारी पडायची सोय नव्हती.

"कधी सुरूच न झालेल्या इंजिनातलं तेल काढायचं काय अडलंय म्हणते मी?" काल संध्याकाळी तिनं विचारलं होतं. गाडीचं सगळं काम संपलं होतं. इंजिन हातानं फिरवून पाहिलं होतं, बॅटरी लावली होती. किल्ली मात्र त्यांनी अजून फिरवलेली नव्हती.

"उद्या नवमी आहे," ते गाडीखालूनच म्हणाले.

किल्ली कुणासाठी थांबली आहे हे तिनं विचारलं नाही. पंचवीस वर्षं संसार केल्यावर बाईला काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत, आणि काही विचारून उपयोग नसतो. गाडी बंद पडली त्या वर्षीच्या नवमीला ती बेळगावात माहेरी होती, ध्रुवच्या बाळंतपणाला. परत आली तेव्हा गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती आणि दत्ताभाऊजी घरात नव्हते. काय झालं म्हणून विचारलं तर नवरा म्हणाला, "इंजिन बसलं." त्यापुढे त्यानं आजतागायत एक शब्द जास्त सांगितला नव्हता.

*

रिक्षातून उतरताना दत्तानं आधी शेडकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. त्यानं फाटकाकडे पाहिलं, आईनं लावलेल्या सोनचाफ्याकडे पाहिलं, आणि हातातली मिठाईची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

नागपूरहून तो निधीला पोचवायला आला होता. पोरीला इथं सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती आणि कंपनी नेमकी याच गावात निघाली. उतरला होता मॅजेस्टिकजवळच्या लॉजमध्ये. आईच्या दिवसांनाही तो लॉजमध्येच उतरला होता आणि तेराव्याला जेवून निघून गेला होता. आताही रात्रीच्या गाडीचं तिकीट खिशात होतं. ध्रुवनं निधीला शोधून काढलं नसतं, तर आजचं हे जेवणही झालं नसतं.

"या भाऊजी," वसुमतीवहिनी दारात होती. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "किती वाळलात हो!"

"वहिनी, तुम्ही मात्र आहात तशाच आहात."

"खोटं बोलायची सवय गेली नाही वाटतं." तिनं निधीला जवळ घेतलं. "अगं, हिचा चेहरा तर सासूबाईंचा! अहो, बघा तरी."

चंद्रकांत, त्याचा अण्णा, ओसरीवर उभा होता. हात पुसत होता, आणि हात आधीच कोरडे होते. दत्ता वाकला. अण्णानं त्याच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, पण तोवर दत्ता सरळ झाला होता, आणि तो हात त्याच्या खांद्याला लागून मागे गेला.

"प्रवास नीट झाला?"

"झाला."

"बरं."

एवढ्यावर भरतभेट आटोपली. दत्ताला वाटलं, आपण नागपूरहून निघालो तेव्हापासून मनात किती वाक्यं जुळवत आलो होतो आणि ती सगळी याच्या एका 'बरं'पुढे संपली. आणि तरीही त्या माणसाच्या अंगाला रॉकेलचा आणि साबणाचा जो वास होता, तो त्यानं नकळत खोल श्वासात घेतला. लहानपणी शेजारी झोपताना हाच वास असायचा. या वासाशिवाय इतकी वर्षं आपण कसे झोपलो, असं त्याला उगाच वाटून गेलं.

जेवायला होळगी होती. पुरणपोळीच ती, पण या घरात तिला कधीचंच होळगी म्हणू लागले होते. ध्रुव वाढत होता आणि बोलत होता, आणि निधी त्याला साथ देत होती. दोन मुलांनी मिळून पानावरची शांतता झाकून ठेवली होती.

"ध्रुवदादा, शेडमध्ये ती कार आहे ना, इट्स गॉर्जस! ओरिजिनल आहे सगळं?"

"पिस्टन जाम झालेले होते. अप्पांनी महिनोन्महिने तेल ओतून, लाकडानं ठोकून ठोकून सोडवले. क्रँक होसकोट्याला एका कारखान्यात घासून आणला. पुढची काच मिळेपर्यंत वर्ष गेलं. बंपर तर..."

"जेवू दे तिला," चंद्रकांत म्हणाले.

"अप्पा, मला सांगू तरी द्या. काका, तुम्हाला माहीत आहे? गाडी तयार होऊन महिना झाला, पण अप्पांनी किल्ली लावलेली नाही. मला हातही लावू देत नाहीत. तुमच्यासाठी ठेवलीय."

वसुमतीचा पळीचा हात थांबला. चंद्रकांत पानातली कोशिंबीर बोटानं सारखी करू लागले. दत्ता पाणी प्यायला. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा नकळत मऊ झाला होता.

"खरंच?" तो म्हणाला.

"मग काय! जेवण झालं की सुरू करू, तुमच्यासाठी अप्पा नाही म्हणायचे नाहीत. एक फेरी मारू, मग मी स्टेशनवर सोडतो तुम्हाला. सरी ना, चालेल?"

"आज नाही," चंद्रकांत म्हणाले.

"एवढा आजचा दिवस, अप्पा. काकांची ट्रेन आज आहे."

"आज चालणार नाही ती. उद्या."

दत्ताचा चेहरा मिटला. वसुमतीला तो मिटताना दिसला, आणि तिला कारण कळेना.

"ध्रुव, आग्रह करू नकोस," दत्ता सावकाश म्हणाला. "तुझ्या अप्पांची गाडी मला जेव्हा हवी असते तेव्हा चालत नसते. मला सवय आहे."

"दत्ता," चंद्रकांत म्हणाले.

"नाही, बोलू दे की आता. पोरांना कळू दे. निधी, तू विचारायचीस ना, आपण बंगळूरला का जात नाही?"

"बाबा, प्लीज. राहू द्या ना."

"अलका नावाची मुलगी होती. कोलारच्या खाणीत तिचे वडील होते. तुझ्या आईला माहीत आहे सगळं, तोंड असं करू नकोस. दसऱ्याला तिचा साखरपुडा ठरला दुसऱ्याशी. नवमीला मी सकाळच्या गाडीनं घरी आलो आणि अण्णाला म्हटलं, मी जाऊन तिच्या वडिलांशी बोलतो. हा म्हणाला, त्यांनी शब्द दिलाय, तू मधे पडू नकोस. आंघोळीला गेला हा, आणि मी किल्ली घेतली आणि निघालो. तेलाचा दिवा त्या गाडीचा कधीचाच गेलेला होता. आवाज यायला लागला तरी मी दामटली. होसकोट्याच्या अलीकडे इंजिन जे बसलं ते बसलंच. खाली वाकून बघतो तर चेंबरला नट नाही. तेलाचा थेंब नाही." त्यानं अण्णाकडे पाहिलं. "सणामुळे रस्त्यावर वाहन मिळेना; रात्र तिथंच काढून, लॉऱ्या बदलत मी कोलारला पोचलो तेव्हा दसऱ्याची दुपार झाली होती. पेढे वाटत होते. मलाही दिला एक."

त्यानं पानातली होळगी बाजूला सारली.

"आपल्या मनासारखं झालं नाही म्हणून मी रडत बसलो नाही. शुभदासारखी बायको मिळाली, ही पोर झाली. अलकाचं आता काही नाही. पण ज्यानं मला सायकल शिकवली, त्यानं मला थांबवायला गाडीतलं तेल काढून ठेवावं? सरळ दारात आडवा झाला असता तर मी थांबलो असतो, अण्णा."

वसुमती नवऱ्याकडे पाहत राहिली. हे असं होतं तर! नुसतं 'इंजिन बसलं' एवढ्या दोन शब्दांखाली या माणसानं हे सगळं पुरून ठेवलं होतं. तिला आधी हसू यायला लागलं आणि लगेच त्याचा राग झाला. देव्हाऱ्यापुढे ताटात काय ठेवलंय हे पाहिलं असतं तर संपणारी गोष्ट. एकानं पाहिलं नाही आणि दुसऱ्यानं दाखवलं नाही. तिचं लग्नानंतरचं अर्धं आयुष्य हा माणूस नवमीच्या संध्याकाळी का जेवत नाही, याचा विचार करण्यात गेलं होतं.

"अहो, बोला की!" ती म्हणाली.

"काय बोलू? त्याला तसा वाटलो मी."

"धन्य आहे तुमची!" ती उठली. एवढी वर्षं ती मनातल्या मनात दिराची बाजू घेत आली होती. आता त्याच्यापुढे उभी राहिली तेव्हा तिचा आवाज चढला होता. "भाऊजी, हात धुवा. आणि आधी देवासमोर जाऊन या. सणाच्या दिवशी घरात आलात आणि देवाला नमस्कार न करता पानावर बसलात. मला वाटतं, त्या वर्षीही असेच गेला होतात."

*

देवघर म्हणजे जिन्याखालची जागा. काका आत गेले तेव्हा ध्रुव दारापाशी उभा राहिला, कारण आईनं डोळ्यांनी तसं सांगितलं होतं. का ते त्याला कळलं नव्हतं.

काकांनी हात जोडले. डोळे मिटले, उघडले, आणि मग ते तसेच राहिले.

ताटात अप्पांचे पान्हे होते, आईची कात्री, शिवणयंत्राची बॉबिन. झेंडूची फुलं. आणि समोरच्या ओळीत तीन नट, घासून चकचकीत केलेले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

काका खाली बसले.

"हा मोठा..." ते म्हणाले. "हा सुरमईचा."

"हो. तो बारका अप्पांच्या स्कूटरचा. मधला माझ्या मारुतीचा. म्हणून तर तुम्हाला रिक्षानं आणलं ना, काका. आज आमच्याकडे सगळं बंद. लहानपणी मला सायकलची चेन काढून द्यावी लागायची. मित्र हसायचे."

"दर वर्षी?"

"मला आठवतंय तेव्हापासून. कारखान्यातली पद्धत आहे म्हणतात. तेल काढायचं, नट पूजेला लावायचा आणि दसऱ्याला..."

ध्रुव मध्येच थांबला. आपण काय सांगतो आहोत हे त्याला आत्ता, बोलता बोलता कळलं. काकांनी हात पुढे केला होता, पण नटाला लावला नव्हता. मग तो मागे घेऊन त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मोठ्या माणसाला रडताना पाहायची वेळ आली की ध्रुवला नेहमी तिथून निघून जावंसं वाटे. आज तो तिथंच उभा राहिला.

"त्या वर्षी मी बाहेरगावी नोकरीला होतो," काका म्हणाले. "आधीच्या नवमीपर्यंत असलं काही नव्हतं. बहुतेक त्याच वर्षी सुरू केलं यानं. पूजा आई करायची. मी आत आलोच नाही रे. मी सरळ किल्ली घेतली."

ते उठून बाहेर गेले ते शेडकडे. निधी मागोमाग निघाली तर आईनं तिचा हात धरला.

उन्हं उतरत होती. काकांनी दार उघडलं, आत वाकले, सीटवरून हात फिरवला. बॉनेट उचलून तेल मोजायची पट्टी ओढली, रुमालानं पुसली, पुन्हा आत घालून काढली. कोरडी. ती त्यांनी उन्हात धरून पाहिली आणि जागच्या जागी ठेवली. पुढच्या चाकाजवळ तेलाचा नवा डबा होता, त्यावर नरसाळं पालथं घातलेलं. उद्याची तयारी.

तेवढ्यात अप्पा आले. त्यांच्या एका हातात पान्हा होता आणि दुसऱ्या हातात नट. नटावरचं कुंकू त्यांच्या अंगठ्याला लागलं होतं.

आई ओसरीवरून "अगं बाई!" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. ध्रुव दहावीत असताना ऐन नवमीला त्याला ताप भरला होता तेव्हासुद्धा गौडांची गाडी मागवली होती या माणसानं.

"सरक," अप्पा काकांना म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे. तेल भरतो आणि चालू करून देतो. तुझी गाडी चुकायला नको." पायजमा सावरत ते गुडघ्यावर बसले. गुडघा कटकन वाजला.

काका त्यांच्याजवळ बसले आणि त्यांनी अप्पांचं मनगट धरलं.

"नको, अण्णा. परत ठेव."

"अरे, पण तू जाणार."

"उद्या भरू. उत्तरपूजा झाली की."

"तिकीट काढलंयस ना?"

"मरू दे तिकीट."

अप्पांच्या हाताची पकड सुटेना. दोघंही म्हातारे त्या चाकाशेजारी उकिडवे बसले होते आणि एका नटावर दोघांचे हात होते.

"तेव्हा सांगितलं का नाहीस?" काकांनी विचारलं. "मी तोंडावर म्हटलं तुला. एवढं तरी म्हणायचंस की पूजेला लावलाय म्हणून."

"तू विचारलं नाहीस, दत्ता. तू सांगितलंस." अप्पा खालीच पाहत होते. "मला वाटलं, याला जर मी असा वाटत असेन, तर नट दाखवून काय उपयोग. मग वाटलं, येईल. राग गेला की येईल, तेव्हा दाखवू. मग आई गेली. मग वाटलं, निदान गाडी तरी नीट करून ठेवावी. मला तुझी फार आठवण यायची रे. नवमीला तर फार."

काकांनी कपाळ अप्पांच्या खांद्यावर टेकलं. अप्पांचा हात वर आला, आणि या वेळी तो त्यांच्या डोक्यावर नीट पोचला.

निधी नाक ओढत म्हणाली, "ध्रुवदादा, बाबांचं सामान लॉजमधून आणायचं ना? माझ्याबरोबर चल." आईनं लगेच कपाट उघडलं आणि माडीवरच्या खोलीसाठी चादरी काढायला घेतल्या. त्या घड्या करून किती वर्षं वेगळ्या ठेवल्या होत्या ते तिचं तिलाच माहीत. अप्पांनी नट ताटात नेऊन ठेवला, कुंकवाचा जो गोल उरला होता त्याच्यावर बरोबर, आणि आईनं त्यावर दुसरं बोट लावलं.

सामान घेऊन ध्रुव आणि निधी परतले तेव्हा शेजारच्या पोरांना वाटून उरलेली चुरमुरे-फुटाण्यांची कडलेपुरी ओसरीवर सांडली होती आणि घरात कुणाचा आवाज नव्हता.

"ध्रुव, त्यांना चहाला हाक मार," आई आतून म्हणाली. "मघापासून बसलेत दोघं तिथं."

शेडचं दार सताड उघडं होतं. सुरमईच्या नाकावर झेंडूचा हार होता. डावीकडे काका बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, काच खाली केलेली. शेजारी अप्पा, कोपर खिडकीबाहेर टाकून, जन्मात कधी असे सैल बसलेले ध्रुवनं पाहिले नव्हते. गाडीत तेल नव्हतं, किल्ली देवापुढे होती. दोघंही समोर फाटकाकडे पाहत होते.

ध्रुव हाक मारणार तोच अप्पांनी विचारलं, "होसकोटं आलं का रे?"

काकांनी स्टिअरिंग थोडं फिरवलं.

"मघाशीच मागे पडलं, अण्णा," ते म्हणाले.